छप्पर काढले, तर कोणते भाग चालतील?

जर्मनीतल्या एखाद्या गॅरेजात १९८८ साली बनलेली फोक्सवॅगन गोल्फ कॅब्रिओले दुरुस्तीला आली आहे, असे समजू. कॅब्रिओले म्हणजे कापडी टपाची मोटार. हवा चांगली असली की टप मागे दुमडून ठेवायचा आणि उघड्या आकाशाखाली फिरायचे. या गाडीच्या पुढच्या चाकाचा खालचा आर्म दगडावर आपटून वाकला आहे, डावे दार गंजले आहे आणि मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत. शेजारच्या भंगारवाड्यात दोन साध्या गोल्फ गाड्या पडून आहेत. साध्या म्हणजे हॅचबॅक, डोक्यावर पत्र्याचे पक्के छप्पर आणि मागे वर उचलायचे दार असलेल्या. एक १९८८ सालचीच आहे, दुसरी १९८२ सालची. मेकॅनिकने पाने घेऊन कोणत्या गाडीकडे जावे?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे १९८८ ची. ते चूक आहे. जायचे ते सहा वर्षांनी जुन्या असलेल्या गाडीकडे. तिचा आर्म या गाडीला लागेल. तिचे दार मात्र लागणार नाही. आणि तिच्या मागच्या स्प्रिंगा जागेवर अगदी व्यवस्थित बसतील, पण शहाणा मेकॅनिक त्या बसवणार नाही.

एकाच नावाच्या, एकाच कंपनीच्या गाड्या, आणि तीन भागांची तीन वेगळी उत्तरे! असे का होते ते समजून घेण्यात मोठी मौज आहे, कारण त्यात मोजमाप आहे, पदार्थविज्ञान आहे आणि थोडा इतिहासही आहे.

एका यंत्राचा भाग दुसऱ्या तशाच यंत्राला लागावा ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. पण पूर्वी कारागीर प्रत्येक भाग शेजारच्या भागाला घासून, जुळवून बसवत असे. त्यामुळे एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला लागेलच असे नसे. मोटारींच्या बाबतीत या अडचणीवर मात झाल्याचा पुरावा १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानावर मिळाला. कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली पूर्ण सुट्या करण्यात आल्या. सगळे भाग एकत्र मिसळले. एवढ्यावर समाधान न मानता त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग टाकले. मग त्या ढिगातून पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्याच हत्यारांनी पुन्हा तीन मोटारी उभ्या केल्या. कानस वापरायला बंदी होती. रंगीबेरंगी तुकड्यांच्या त्या विचित्र मोटारी मैदानावर ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड हा मोजमापाच्या बाबतीत अतिशय काटेकोर माणूस होता. त्या काटेकोरपणाचे फळ म्हणून कंपनीला ड्युअर करंडक मिळाला.

मात्र त्या तिन्ही मोटारी एकाच नमुन्याच्या होत्या. आपला प्रश्न त्यापुढचा आहे. एक नमुना घेऊन त्याचे छप्परच कापले, तर उरलेल्यापैकी काय सारखे राहते?

आता आपल्या दोन गाड्यांकडे वळू. पहिली गोल्फ १९७४ साली आली. तिचा घाट इटलीचा आराखडाकार जॉर्जेतो जुजारो याने आखला होता. तिची टपाची बहीण १९७९ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. ही बहीण फोक्सवॅगनच्या स्वतःच्या कारखान्यात जन्मली नाही. ओस्नाब्र्युक या गावी कारमान नावाचा मोटारींचे सांगाडे बनवणारा कारखाना होता. कॅब्रिओलेचे पत्रे दाबण्यापासून अखेरच्या जुळणीपर्यंत सगळे काम तेथे होई. फोक्सवॅगनकडून इंजिने, सस्पेन्शन आणि आतल्या सजावटीचे सामान येई, ते कारमानचे कामगार बसवत. कोणता भाग कुठून आला एवढे लक्षात ठेवले तरी आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. वोल्फ्सबुर्गहून आलेला भाग बहुधा दोघींचा. ओस्नाब्र्युकला घडलेला भाग बहुधा एकटीचा.

आणि वर्षांचा घोटाळा? १९८३ साली जर्मनीत दुसऱ्या पिढीची गोल्फ आली. ती आकाराने मोठी होती. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर २४०० मिलिमीटर होते, ते २४७५ मिलिमीटर झाले. पण कॅब्रिओलेचा सांगाडा नव्याने आखण्याच्या फंदात कोणी पडले नाही. ती पहिल्या पिढीच्या सांगाड्यावरच १९९३ पर्यंत बनत राहिली, आणि पावणेचार लाखांहून अधिक बनली. म्हणजे १९८८ ची कॅब्रिओले ही १९८८ च्या गोल्फची बहीण नव्हेच, मावशी म्हणा हवे तर. तिची सख्खी बहीण १९७४ ते १९८३ या काळात शोधायची. गाडीच्या कागदावरचे साल पाहून भाग आणणारा हमखास फसतो तो इथे.

तरीही सख्ख्या बहिणींतसुद्धा बारकावे आहेत. १९८० च्या सुमारास हॅचबॅकचे मागचे दिवे मोठे झाले, कॅब्रिओलेने मात्र शेवटपर्यंत जुन्या घाटाचेच दिवे ठेवले. १९८४ च्या नमुन्यापासून कॅब्रिओलेला मोठी पेट्रोलची टाकी मिळाली, आणि तिच्यासाठी जागा करायला जादा चाक बारीक करावे लागले. अमेरिकेत गोल्फ 'रॅबिट' म्हणजे ससा या नावाने विकली जाई. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कारखान्यात बनलेल्या रॅबिटांना पुढे चौकोनी दिवे आले, तर जर्मनीहून आलेल्या टपाच्या गाडीचे दिवे गोलच राहिले. दिवा बदलला की जाळी बदलते, जाळी बदलली की शेजारचा पत्रा बदलतो.

हा सगळा पसारा दुकानदाराने डोक्यात कसा ठेवायचा? त्यासाठी भागांचे क्रमांक असतात. फोक्सवॅगनची जुनी पद्धत मोठी सुबक आहे. क्रमांक नऊ अंकी असून त्याचे तीन-तीनचे गट पडतात. पहिले तीन अंक तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतात: पहिल्या गोल्फसाठी १७१, तिच्या कॅब्रिओलेसाठी १५५. मधल्या गटाचा पहिला अंक भाग गाडीत कोठे असतो ते सांगतो. १ म्हणजे इंजिन, ४ म्हणजे पुढचा आस, ५ मागचा, ६ म्हणजे चाके आणि ब्रेक, ८ म्हणजे सांगाडा, ९ म्हणजे विजेचे सामान. शेवटच्या गटावरून नेमका भाग कळतो. जोडीच्या भागांत विषम अंक डाव्या बाजूचा आणि सम अंक उजव्या बाजूचा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पुढे सुधारणा झाली की शेवटी एक अक्षर चिकटते.

एक क्रमांक वाचून पाहू: ०५६ ११५ ५६१ जी. मधला गट १ ने सुरू होतो, तेव्हा हा इंजिनाचा भाग. हा आहे तेलाचा फिल्टर. पण पहिले तीन अंक गोल्फचे नाहीत! कारण ज्या घराण्याचे इंजिन मोठ्या गोल्फ गाड्यांत बसवत, तेच औडी ८० मध्ये होते, पसाटमध्ये होते, सिरोक्कोमध्येही होते. इंजिनाला डोक्यावर छप्पर आहे की टप, याची काय खबर? म्हणून पिस्टन, क्लच प्लेट, पाण्याचा पंप या गोष्टी इंजिनाच्या जातीवरून मागायच्या, गाडीच्या नावावरून नव्हे. आर्म १७१ ४०७ ने सुरू होतो, म्हणजे मूळ गोल्फचा आणि पुढच्या आसाचा. कॅब्रिओलेच्या यादीतही हाच क्रमांक येतो, तेव्हा भाग दोघींचा. आणि क्रमांक १५५ ने सुरू होऊन मध्ये ८ दिसला की समजावे, हा सांगाड्याचा भाग आहे आणि तो फक्त टपाच्या गाडीचा आहे.

आपल्याकडे याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे मारुती ८०० आणि मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी नाव मिळाले. दोन्हींत एकाच घराण्याचे ७९६ घनसेंटीमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन होते. पण ८०० मध्ये ते बॉनेटखाली आडवे बसून पुढची चाके फिरवी, व्हॅनमध्ये ते पुढच्या आसनांखाली बसून लांब दांड्याच्या मदतीने मागची चाके फिरवी. इंजिन एका घराण्याचे असले तरी गिअर-पेटी वेगळीच लागणार, हे उघड आहे.

असो. आतापर्यंत आपण माप जुळते का एवढेच पाहिले. दार का लागत नाही, याचेही एक उत्तर मापाचेच आहे. हॅचबॅकच्या दाराला काचेभोवती पत्र्याची चौकट असते आणि ती छपराच्या कडेला टेकते. कॅब्रिओलेत वर टेकायला छप्परच नाही. म्हणून काचेला वरची चौकट नाही, आणि वर चढवलेली काच टपाच्या रबरी पट्टीला जाऊन भिडते. पण खरा फरक याहून खोल आहे, आणि तो पाहण्यासाठी एक प्रयोग करा.

कापड किंवा कागद गुंडाळलेली असते तशी पुठ्ठ्याची एक नळी घ्या. दोन्ही टोके धरून तिला पीळ देण्याचा प्रयत्न करा. ती दाद देणार नाही. आता कात्रीने किंवा पातीने नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चीर द्या (पाते मोठ्या माणसाच्या हाती असलेले बरे). कागद तेवढाच आहे, वजन तेवढेच आहे. पुन्हा पीळ द्या. नळी लाडक्या मांजरासारखी हवी तशी वळेल! चिरेच्या दोन कडांकडे नीट पाहा. एक कड पुढे आणि दुसरी मागे सरकते. या कडा चिकटपट्टीने जोडल्या की सरकणे थांबते आणि ताठपणा परत येतो.

कारण असे. नळीला पीळ दिला की तिच्या भिंतीत पिळाला विरोध करणारे बल निर्माण होते. अखंड नळीत हे बल भिंतीतून सबंध वर्तुळाला प्रदक्षिणा घालते, आणि त्याला नळीच्या त्रिज्येएवढी तरफ मिळते. चीर दिली की प्रदक्षिणा तुटते. बलाला चिरेपाशी मागे फिरावे लागते, आणि ते पुठ्ठ्याच्या जाडीतच एका अंगाने जाऊन दुसऱ्या अंगाने परतते. आता त्याला तरफ मिळते ती केवळ जाडीएवढी. गणित करून पाहिले, तर अखंड नळीचा पिळाविरुद्धचा ताठपणा चिरलेल्या नळीच्या किती पट असतो? त्रिज्येला जाडीने भागा, भागाकाराचा वर्ग करा आणि त्याला ३ ने गुणा. २० मिलिमीटर त्रिज्या आणि १ मिलिमीटर जाडी असेल तर उत्तर येते १२०० पट.

मोटारीचा सांगाडा ही काही साधी नळी नव्हे. बुटांच्या खोक्याशी त्याची तुलना अधिक जमेल. झाकण चिकटवलेले खोके पिळून पाहा, मग झाकण काढून पिळा. छप्पर म्हणजे हे झाकण. रस्त्यावर पुढचे एक चाक खड्ड्यात जाते तेव्हा हाच पीळ सांगाड्याला बसतो. आजच्या बहुतेक मोटारींप्रमाणे गोल्फलाही ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. तळ, बाजू, छप्पर मिळून जे खोके बनते, तेच सारा भार पेलते. त्याचे छप्पर काढणे म्हणजे टोपी काढण्यासारखे नाही, वाशाशिवाय घर उभे करण्यासारखे आहे.

कारमानच्या लोकांनी गेलेला ताठपणा जमेल तेवढा खालून भरून काढला. दारांखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या बंद पेट्या असतात. त्यांना गाडीचे उंबरठे म्हणू. ते, तळ आणि समोरच्या काचेची चौकट यांना जादा मजबुती दिली. शिवाय पुढच्या आसनांमागे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोलादी कमान घातली. या कमानीमुळे गाडी टोपलीच्या कडीसारखी दिसे, म्हणून जर्मन लोक तिला थट्टेने 'स्ट्रॉबेरीची टोपली' म्हणत. थट्टा राहू द्या, कमानीला कामे पुष्कळ होती. गाडी उलटली तर माणसांची डोकी वाचवणे, काचांना आधार देणे, पट्ट्यांची वरची टोके धरणे. हॅचबॅकमध्ये पट्ट्याचे ते टोक दारामागच्या खांबाला असते. म्हणून इथे एकीचे सामान दुसरीला लावण्याचा विचारही करू नये.

एक गोष्ट तुम्ही खोक्यावर तपासू शकता. उघड्या खोक्यावर मधोमध एकच आडवी पट्टी चिकटवा. पिळाविरुद्धचा ताठपणा थोडाच वाढेल. आता समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्या ताणून चिकटवा. खोके एकदम कडक होईल, कारण पिळात उघड्या तोंडाचा आयत तिरका होऊ पाहतो आणि त्याचा एक कर्ण लांबावा लागतो. पण गाडीत अशा तिरप्या पट्ट्या नेमक्या माणसांच्या डोक्यांच्या जागी येतील! म्हणून काही टपाच्या गाड्यांत त्या तळाखाली बसवतात. एवढे करूनही छपराच्या गाडीची सर येत नाही. खराब रस्त्यावर समोरची काच आणि आरसा थरथरतो, हा उघड्या गाड्यांचा जुना दुर्गुण आहे.

आता राहिल्या त्या मागच्या स्प्रिंगा. छप्पर काढले म्हणजे गाडी हलकी झाली असेल, असे तुम्हाला वाटेल. उलट आहे. मजबुतीचा जादा पत्रा, कमान, टपाचा सांगाडा, मागे खरीखुरी काच असलेला अस्तराचा जाड टप, या सगळ्याचे वजन गेलेल्या छपरापेक्षा पुष्कळ जास्त भरते. समजा, एका चाकावर हॅचबॅकमध्ये २०० किलोग्रॅम भार येतो आणि कॅब्रिओलेत २३०. स्प्रिंग १ मिलिमीटर दबण्यास २० न्यूटन बल लागते. ३० किलोग्रॅमचे वजन म्हणजे सुमारे २९४ न्यूटन. म्हणजे हॅचबॅकची स्प्रिंग लावली तर गाडी त्या कोपऱ्यात जवळजवळ १५ मिलिमीटर खाली बसेल, आणि खड्ड्यात दबण्यासाठी राखलेल्या अंतरातून तेवढे वजा होईल. शिवाय स्प्रिंगवर डोलणाऱ्या वस्तूची आंदोलनसंख्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. २०० ला २३० ने भागून वर्गमूळ काढा, ०.९३ येईल. गाडी ७ टक्के संथ डोलू लागेल, आणि ज्या डोलण्याला आवर घालण्यासाठी शॉक-ॲब्सॉर्बर आखला होता ते डोलणे आता राहिलेले नसेल. स्प्रिंगेचा व्यास जुळला, उंची जुळली, वाटीत ती बसली. पण तिचे काम माप देण्याचे नव्हतेच, भार पेलण्याचे होते.

चाकांचेही असेच आहे. पहिल्या गोल्फच्या चाकाला १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट असतात. हे माप इतर अनेक कंपन्यांनीही घेतले आहे, म्हणून त्यांची चाके पाहताक्षणी लागतील असे वाटते. पण चाकाच्या मधल्या भोकाचे माप गोल्फमध्ये ५७.१ मिलिमीटर आहे. भोक त्याहून लहान असेल तर चाक चढणारच नाही, ही गोष्ट बरी, कारण ती लगेच कळते. भोक मोठे असेल तर चाक चढेल, बोल्ट आवळले जातील, आणि ते किंचित एका अंगाला बसले आहे हे वेग वाढल्यावर हातातल्या स्टिअरिंगच्या थरथरीतून कळेल.

असा घोळ फक्त त्याच काळात झाला असेही नाही. १९९३ साली तिसऱ्या पिढीच्या गोल्फवर बेतलेली नवी कॅब्रिओले आली. १९९८ साली तिला चौथ्या पिढीच्या गोल्फसारखा चेहरा देण्यात आला, पण अंगाने ती तिसऱ्या पिढीचीच राहिली. चेहरा पाहून सस्पेन्शनचे भाग आणणाऱ्याची पुन्हा तीच गत!

पहिली गोल्फ जर्मनीत १९८३ साली थांबली तरी दक्षिण आफ्रिकेत 'सिटी गोल्फ' या नावाने १९८४ पासून २००९ पर्यंत बनत होती. त्यामुळे तिच्या इंजिनाच्या, ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या भागांना पुढे कितीतरी वर्षे गिऱ्हाईक राहिले, आणि कॅब्रिओलेच्या मालकांचे फावले. १५५ ने सुरू होणाऱ्या भागांना तसे कोणी वाली नव्हते. टपाच्या सळया, चौकट नसलेली दारे, मजबूत केलेले उंबरठे हे कोणा भावंडाकडून उसने मिळत नाहीत. म्हणून जुनी कॅब्रिओले विकत घेताना जाणकार माणूस आधी इंजिन सुरू करायला सांगत नाही. तो गाडीच्या एका कोपऱ्याला नेमून दिलेल्या जागी जॅक लावतो, चाक जमिनीपासून थोडे उचलतो, आणि गाडी तशीच असताना दाराच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का ते बघतो. फट एका टोकाला मिटली असेल, तर उंबरठा आतून कुजला आहे.